निळ्या पट्टीचं पुस्तक

गेल्या आठवड्यात एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली. आमच्या पेडणे तालुक्यातल्याच शाळेत शिकवते, मूळची डिचोलीकडची, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूची. चहा झाला, भाजी आणि उंडे पाव खाऊन झाले, मग तिने पिशवीतून वही काढली. मुलांना चित्रांची आणि गाण्याची गोडी लागावी म्हणून कोणत्या वयाला काय वाचायला द्यावं याची एक यादी तिला हवी होती. अशी यादी या गावात पहिल्यांदा मी केली, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खरं आहे, मीच केली. पण तिने ‘वयोगट’ हा शब्द काढला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, बाई गं, दुसरं काहीही माग, ती यादी मागू नकोस. ती बिचारी गोरीमोरी झाली. तिचा काय दोष? मग मी तिला परत खाली बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आणि संध्याकाळी चार ते सहा गावचं वाचनालय चालवत होते. वाचनालय म्हणजे देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे पाहुण्यांच्या ओवऱ्यांतली, एक खोली. दोन कपाटं, एक बांक, माझं मेज, त्यामागे बसायची कदेल, आणि एक जनेल, ज्यातून समोरचा सभामंडप दिसायचा. माझे यजमान देवस्थान समितीचे सेक्रेटरी होते म्हणून ती खोली मिळाली होती. पगार काही नव्हता. मिजास मात्र भरपूर होती.

दिवस राजभाषेच्या भांडणाचे होते, कोकणी की मराठी. आज त्या रणधुमाळीची आठवण काढली की पोरं हसतात, पण तेव्हा रस्त्यावर झाडं आडवी पडत होती आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या घरात आम्ही जे बोलतो ते अर्धं मालवणी, अर्धं कोकणी. पण अक्षर गिरवलं ते मराठीत, आरत्या म्हटल्या त्या मराठीत, सासरहून माहेरी पत्रं लिहिली ती मराठीत. कोकणीच्या बाजूचे एक मास्तर मला भर बाजारात म्हणाले होते की तुमच्या मराठीतली पुस्तकं घाटावरच्यांसाठी, आमच्या मुलांना चित्रं आणि संगीत शिकवील असं त्यांत काय आहे? मला ते झोंबलं. आता वाटतं, झोंबायचं काही कारण नव्हतं. चार दिवस मी फणफणत होते. पाचव्या दिवशी यादी करायला घेतली.

काय सांगू, जीव ओतला मी त्या यादीत. कपाटातलं चित्रकलेचं आणि संगीताचं एकूण एक पुस्तक खाली काढलं, फोंड्याला जाऊन आणखी आणली, आणि पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या कापून खळीने प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवल्या. पाच ते आठ वर्षांना लाल: मोठ्या चित्रांची, टाळ्या वाजवून म्हणायच्या गाण्यांची. नऊ ते बाराला हिरवी: पान कसं काढावं, आंबा कसा काढावा, थोर गवयांच्या लहानपणच्या गोष्टी. तेराच्या पुढे निळी: रागांची ओळख, वाद्यांची माहिती, जुन्या शिल्पांची आणि चित्रांची पुस्तकं. मग हे सगळं एका मोठ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून जनेलाशेजारी टांगलं. आल्यागेल्याला मी ते दाखवायची. बघा, कोणत्या वयाला काय कमी आहे?

नियम कडक. लाल पट्टीच्या मुलाला हिरवं पुस्तक मिळायचं नाही, हिरवीच्या मुलाला निळं. आणि वय तोंडी चालायचं नाही. शाळेचं रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं, त्यातली तारीख बघून मी वाचनालयाच्या वहीत पट्टीचा रंग लिहीत असे.

आता या रजिस्टराबद्दल एक सांगायला हवं. आमच्या शाळेत निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली होती. आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर मूल बघायचे, कोणत्या वर्गात बसेल याचा अंदाज घ्यायचे, तेवढी वर्षं मागे मोजायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. मीही तेच करत होते. त्यात काही वाईट आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

अशीच एक एक जूनची मुलगी होती. तिचा बाप गवंडी, बेळगावकडचा. गोव्यात बांधकामं वाढली तसा बायको-मुलीला घेऊन आलेला, आधी कारापूरला, मग आमच्याकडे. मुलीला शाळेत घालायला आला तेव्हा मी जन्मतारीख विचारली. तो म्हणाला, गावात वीज आली त्या सालची. मी त्याला पुढे विचारलंसुद्धा नाही की वीज कधी आली. मुलगी अंगाने किडकिडीत, चार गावं फिरल्यामुळे अभ्यासात मागे. मी तिला तिसरीत बसवलं, आठ वर्षं मागे मोजली आणि लिहून टाकलं.

दोन वर्षांत ती सरसर वाचायला लागली. हिरव्या पट्टीची सगळी पुस्तकं तिने संपवली, काही दोनदा. बोलायची कमी. हात कायम तांबडे, चिऱ्याच्या धुळीने. शाळा सुटली की बाप जिथे कामाला असेल तिथे जाऊन बसायची. मला ती आवडायची, हे मी आज म्हणते आहे. तेव्हा तिला कधी कळू दिलं नाही. माझ्या नाकावर राग असायचा आणि मुलांनी मला वचकून असावं असं मला वाटायचं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी, गणेशचवथ उलटून गेल्यावर, समितीने सभामंडप नवा करायचं ठरवलं. जत्रेला सगळं चकचकीत दिसायला हवं होतं. एका महाजनाने पांढऱ्या टाइल्स देऊ केल्या होत्या. सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर जुनी कावेची पिंतुरं होती. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून आतला पांढरा चुना वर आणायचा, अशी ती रीत. ती चित्रं कोणी केली, केव्हा केली, गावात कोणालाही माहीत नव्हतं. मधोमध वीणा घेऊन बसलेली सरस्वती, भोवती वेली, दोन मोर, आणि खाली घुमट, शामेळ, कांसाळं वाजवणाऱ्यांची रांग. आम्ही सगळे येता-जाता त्या भिंतीला नमस्कार करायचो. गुळगुळीत जुन्या चुन्यावर सिमेंट धरत नाही, म्हणून टाइल्स लावायच्या आधी ती भिंत छिन्नीने खडबडीत करायची होती. ते काम त्या गवंड्याकडे आलं. शुक्रवारपर्यंत उरकायचं होतं.

मंगळवारी ती मुलगी वाचनालयात आली आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली की ते भिंतीवरच्या चित्रांचं पुस्तक पाहिजे. जाडजूड काळं पुस्तक होतं, एका निवृत्त मामलेदारांनी भेट दिलेलं, पाठीवर निळी पट्टी. ती पट्टी मी का लावली तेही सांगून टाकते. पहिल्या प्रकरणात लेण्यांमधल्या शिल्पांचे फोटो होते आणि त्यांतल्या बायांच्या अंगावर कपडे बेताचेच होते. मराठीवाल्या बाई पोरांच्या हातात काय देतात बघा, असं त्या मास्तरांनी बाजारात म्हटलं असतं तर? या धास्तीने मी फोटो चाळले, पुस्तक मिटलं आणि निळी पट्टी ठोकली. पुढची दोनशे पानं मी वाचलीच नव्हती.

मी तिला विचारलं, पट्टी कोणती आहे बघितलीस ना? तुझं वय किती? ती म्हणाली, तेरा. मी खणातून रजिस्टर काढलं आणि तिच्यापुढे उघडून धरलं. दहा.

"ते तुम्ही लिवलंय, बाई," ती म्हणाली. "मी तेराचीच हाय."

बांकावर आणखी तीन-चार मुलं बसली होती. त्यांच्यादेखत एक पोर मला माझंच अक्षर दाखवून खोटं ठरवत होती. माझा पारा चढला. मी तिला नको ते बोलले. आज शाळेत बसायला मिळतंय ते कोणामुळे, हेसुद्धा बोलून गेले. ती रडली नाही. जागची हलली नाही. खाली बघत तिने जे सांगितलं त्याचा सारांश असा: तिच्या बापाचा हात देवीवर छिन्नी मारायला धजत नव्हता. दोन रात्री त्याला झोप नव्हती. त्याला वाचता येत नव्हतं, पण मुलगी पुस्तकं आणते हे तो बघत होता. असलं चित्र न फोडता काम करायची काही रीत पुस्तकात लिहिलेली असेल तर बघून ये, म्हणून त्याने तिला पाठवलं होतं.

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. ते पुस्तक माझ्या हाताच्या अंतरावर होतं, मला वाचता येत होतं, आणि माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं. मी म्हणाले की हा समितीचा विषय आहे, बापाला सांग सेक्रेटरींना जाऊन विचार.

मग तिने दप्तरातून एक वही काढून माझ्या मेजावर ठेवली. "हे बघा, मग सांगा," म्हणाली. पुस्तक मिळण्याइतकी मी मोठी आहे, असं तिला त्या वहीतून दाखवायचं होतं. मी म्हटलं, ठेव तिथं, सवडीने बघेन. ती गेल्यावर वही खणात टाकली आणि खण लावून घेतला.

संध्याकाळी घरी यजमानांच्या कानावर घातलं, तेही कुरकुर केल्यासारखं. ते पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "गवंड्याक कंटाळो इलो आसतलो, दुसरां काय नाय." मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. बुधवार गेला, गुरुवार गेला. मुलगी शाळेत आली नाही. मी हजेरीत गैरहजर लिहिलं.

शुक्रवारी रात्री यजमान जेवायला बसले आणि सांगू लागले की गवंड्याने सकाळी एक नारळ मागून घेतला. भिंतीपुढे ठेवून हात जोडले, काहीतरी पुटपुटला, नारळ फोडला. मग देवीच्या तोंडावर आपला पंचा धरून वर दोन खिळे ठोकले. खालचे वाजंत्री, वेली, मोर, सगळं दिवसभरात खरवडत आणलं, आणि तोंड शेवटी, पंचा न काढता, वरूनच छिन्नी मारून. सांगायला सुरुवात केली तेव्हा ते हसत होते. मधेच त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी ताक मागितलं. मी ताक वाढलं.

शनिवारी मी वाचनालयाचं दार आतून लावून ते पुस्तक काढलं. शेवटून दुसरं प्रकरण कावेच्या चित्रांवर होतं. कोकणातली देवळं, आमच्या गोव्यातली देवळं, चुना कसा मळायचा, काव कशी घोटायची, सगळं. आणि शेवटच्या दोन पानांत, भिंत झाकणं भागच असेल तर काय करावं तेही. जुन्या चित्राला हात लावू नये. चार बोटं जागा सोडून पुढे विटांची पातळ भिंत उभी करावी आणि नवा गिलावा त्या भिंतीवर करावा. चित्र मागे सुखरूप राहतं, पुढे कोणाला हवं असेल तर विटा काढता येतात.

विटांची पातळ भिंत! त्या माणसाने ती एका दिवसात उभी केली असती. टाइल्सही लागल्या असत्या आणि जत्राही झाली असती. माझे यजमान हेकट नव्हते. पुस्तकात छापलेलं दाखवलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. दोन पानांचा मजकूर होता, वाचायला मला दहा मिनिटं लागली.

मग खण उघडून वही काढली. सगळी भिंत होती तिच्यात. एकेका पानावर एकेक तुकडा, पेन्सिलने, वर विटकरीचा तांबडा घासलेला. घुमट वाजवणाऱ्याच्या बोटांमधलं अंतर, कांसाळ्याची दोरी, मोराच्या पिसाऱ्यात मधेच एक पीस उलटं, जे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. कोणत्या पानाला कोणतं पान जोडायचं यासाठी कडेला खुणा केल्या होत्या. शेवटच्या पानावर देवी. वीणा, हात, पदर, दागिने, केस. तोंडाच्या जागी कोरा कागद. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, डोळे शेवटी.

ते मला लगेच समजलं. चवथीआधी ती पंधरा दिवस गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन बसत होती. तिथे मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी काढतात, आणि हात बसलेला माणूसच काढतो. जुन्या लोकांनी तो चेहरा कसा कोरला हे पुस्तकातून नीट समजून घेईपर्यंत तिने ती जागा सोडून ठेवली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती दाखला न्यायला आली. बापाने आमचं काम सोडलं होतं, ती माणसं दुसरीकडे चालली होती. मी दाखला लिहिला. जन्मतारखेपाशी हात अडला. रजिस्टरात जे आहे तेच दाखल्यावर घालावं लागतं, बदल करायचा तर वरून हुकूम लागतो, हे तिला सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. मी एक जून लिहिलं. ती तीन वर्षांनी लहान होऊन आमच्या गावातून गेली.

मी उठून कपाटातून काळं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे केलं. घेऊन जा, परत आणू नकोस, म्हटलं. माफ कर, असं म्हणायचं होतं, ते जिभेवर आलं नाही. एवढ्याशा पोरीपुढे बाईंनी कसं वाकायचं!

"आता कशाला, बाई?" ती म्हणाली.

मग मी वही पुढे केली. तिने शेवटचं पान उघडून बघितलं, मिटलं आणि परत माझ्या मेजावर ठेवलं. "यात तोंड राहिलंय. ते कुठं बघून काढू?"

 दाखल्याची घडी करून ती निघून गेली. पुढे ती कुठे गेली, शिकली का, चित्रं काढते का, मला काही माहीत नाही. दोन-तीनदा बेळगावकडच्या मजुरांकडे चौकशी केली. गवंडी सांगून कोण कोणाला ओळखणार?

जनेलाजवळची यादी मी त्याच आठवड्यात उतरवली. पट्ट्या सोलून काढायचा प्रयत्न केला, पण खळ घट्ट बसली होती, पुस्तकांच्या पाठी सोलवटल्या. त्यानंतर मी वाचनालय सोडेपर्यंत, जो जे मागेल ते त्याला दिलं. पाच वर्षांच्या पोराने रागांचं पुस्तक मागितलं तर तेही दिलं, उलटं धरून बघत बसला तरी बसू दिलं. लोक म्हणाले, बाईंचं वय झालं, शिस्त सुटली. म्हणोत.

हे सगळं मी त्या तरुण शिक्षिकेला सांगितलं. तिने लिहून काही घेतलं नाही. सांगून झाल्यावर मी कपाटातून वही काढून दिली. इतकी वर्षं ती मी लुगड्यांच्या घडीत ठेवली आहे. तिने एकेक पान जमिनीवर मांडलं, खुणा जुळवल्या, आणि आमच्या पडवीत ती भिंत उभी राहिली. यजमान आता थकलेत, तेही काठी टेकत आले आणि उभे राहून बघत होते.

शिक्षिका शेवटच्या पानापाशी थांबली. म्हणाली, बाई, हे पुरं करता येईल. मला चित्र काढता येतं, तुम्ही सांगा, मी काढते. चेहरा समोर होता की वीणेकडे वळलेला? डोळे उघडे होते की मिटलेले?

मी यजमानांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांचा जन्म त्या देवळाच्या सावलीत गेलेला. ते मान हलवत राहिले. मी आठवू लागले. केसांमधली तांबडी रेघ आठवली, तीही बहुतेक वहीतलीच.

"पण तुम्ही तर रोज बघत होता ना?" तिने विचारलं.

लग्न होऊन आल्यापासून एकवीस वर्षं, रोज सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी परतताना, मी त्या भिंतीपुढे उभी राहत होते. चप्पल काढून, हात जोडून नमस्कार करत होते. आणि नमस्कार करताना मी डोळे मिटत होते.